अंडाशयातला लिम्फोमा: दोन रिपोर्ट आणि मेणाचा एक ब्लॉक

ताई, तुमचा प्रश्न मी दोनदा वाचला. आईचं वय ४९. तीन महिन्यांपासून पोट जड, जेवण जात नव्हतं. सोनोग्राफीत दोन्ही अंडाशयांत घट्ट गाठी दिसल्या, उजवी ११ सेंटिमीटरची, डावी ७. रक्तातलं सीए-१२५ हे प्रथिन वाढून २१० आलं, म्हणून ओव्हरीचा कॅन्सर धरून पिशवी आणि दोन्ही अंडाशयं काढली. पहिल्या लॅबने लिहिलं, ‘डिसजर्मिनोमा किंवा अविभेदित कॅन्सर, आयएचसी करावी’. डिसजर्मिनोमा म्हणजे अंडाशयातल्या बीजपेशींची गाठ, अविभेदित म्हणजे मूळ पेशी कोणती ते ओळखू न येणारा, आणि आयएचसी म्हणजे पेशीतली ठरावीक प्रथिनं रंगवून शोधणारी तपासणी. दुसऱ्या लॅबने लिहिलं, ‘डिफ्यूज लार्ज बी-सेल लिम्फोमा’. आता तुम्ही विचारताय की यातला खरा कोणता. लिम्फोमा म्हणजे मानेतल्या, काखेतल्या गाठींचा आजार, तो ओव्हरीत कसा? आणि ऑपरेशन वाया गेलं का, मामा म्हणतात तसं मुंबईला नेऊन दुसरं मोठं ऑपरेशन करायचं का?

मी पॅथॉलॉजिस्ट आहे. पेशंट मला कधी भेटत नाही, माझ्यापर्यंत त्याच्या शरीराचा तुकडा पोचतो. गेली २६ वर्षं मी बायकांच्या आजारांच्या स्लाइड्स बघते आहे. एवढ्या वर्षांत अंडाशयातला लिम्फोमा मी मोजक्याच वेळा पाहिला, पण जेवढा पाहिला त्यातल्या जवळजवळ प्रत्येकीला आधी दुसरंच काहीतरी नाव मिळालेलं होतं. तुमच्या आईची स्लाइड मी पाहिलेली नाही, त्यामुळे दोन्हींतला अमुक बरोबर असं मी सांगणार नाही. ते ठरवायचं कसं, आणि ते ठरेपर्यंत काय करायचं, काय टाळायचं, हे मात्र सांगता येईल.

पहिली गोष्ट, तुम्हाला वाटतंय तेवढे हे दोन रिपोर्ट एकमेकांच्या विरोधात नाहीत. पहिला रिपोर्ट साध्या गुलाबी-निळ्या रंगाच्या स्लाइडवर लिहिलेला आहे. त्या रंगात मोठमोठ्या गोल पेशींचा थर दिसतो, आणि अशा पेशी पाच-सहा वेगवेगळ्या आजारांत हुबेहूब तशाच दिसतात. त्या डॉक्टरांनी दोन शक्यता लिहिल्या आणि पुढची तपासणी मागितली. म्हणजे त्यांनी वाक्य अर्धं सोडलं, आणि प्रामाणिकपणे सोडलं. दुसऱ्या लॅबने ती तपासणी करून वाक्य पुरं केलं. ते नीट पुरं केलंय का, एवढंच आता बघायचं आहे.

आता ओव्हरीत लिम्फोमा येतोच कसा. लिम्फोमा हा लिम्फोसाइट नावाच्या पांढऱ्या पेशींचा कॅन्सर. या पेशी लसिका ग्रंथींत राहतात हे खरं, पण त्यांचा वावर शरीरभर असतो. जठर, त्वचा, मेंदू, थायरॉइड, सगळीकडे लिम्फोमा होऊ शकतो. अंडाशयात ग्रंथींसारखी लसिका ऊती नसते, तरी रक्तवाहिन्या जिथून आत शिरतात तिथे आणि कॉर्पस ल्युटियमभोवती (बीज बाहेर पडल्यावर उरणाऱ्या पिवळ्या पुंजक्याभोवती) थोड्या लिम्फोसाइट सापडतात. क्वचित आजार तिथेच जन्मतो. जास्त वेळा तो दुसरीकडे सुरू होऊन अंडाशयात येतो, आणि पोटातली गाठ मोठी म्हणून ती आधी लक्षात येते. फक्त अंडाशयात सुरू झालेला लिम्फोमा सगळ्या नॉन-हॉजकिन लिम्फोमांत (लिम्फोमांचा हा मोठा गट) सुमारे ०.५ टक्के आणि अंडाशयाच्या कर्करोगांत सुमारे १.५ टक्के धरला जातो. इतकं दुर्मीळ म्हटल्यावर ऑपरेशनपूर्वी तो कुणाच्या मनात येत नाही. आणि मनात आला नाही की त्याची तपासणी मागितली जात नाही. या आजाराच्या निदानातली खरी अडचण ही आहे. मार्कर, म्हणजे आयएचसीत ठरावीक प्रथिन सापडलं की पेशीला तपकिरी करणारे रंग, सगळीकडे मिळतात, मशीन आहेत. ‘हा लिम्फोमा तर नसेल?’ हा प्रश्न वेळेवर विचारणारा कुणीतरी लागतो.

मागे वळून पाहिलं तर खुणा सापडतात. दोन्ही बाजूंना गाठी, त्या आतून एकसारख्या घट्ट, पाण्याच्या पिशव्या नाहीत, कॅल्शियम नाही, गाठ एवढी मोठी पण पोटात पाणी फारसं नाही, वरचं आवरण गुळगुळीत आणि शाबूत. नेहमीच्या ओव्हरीच्या कॅन्सरचं चित्र याहून वेगळं असतं: अर्ध्या पिशव्या, अर्धं घट्ट मांस, पोटभर पाणी, ओमेंटमवर (पोटातल्या चरबीच्या पडद्यावर) थर. त्यात रक्तातलं एलडीएच हे एन्झाइम बरंच वाढलेलं असेल तर लिम्फोमा मनात यायला हवा. पण एलडीएच डिसजर्मिनोमातही वाढतं, त्यामुळे तेवढ्यावर काही ठरत नाही. ताप, रात्रीचा घाम, वजन उतरणं ही लिम्फोमाची पाठ्यपुस्तकातली लक्षणं अंडाशयाच्या आजारात कितीदा तरी नसतातच.

सीए-१२५ बद्दल थोडं जास्त लिहिते, कारण या आकड्याने आपल्याकडे बरीच घरं हादरतात. हे प्रथिन ओव्हरीच्या कॅन्सरपुरतं नाही. पोटाच्या आतल्या अस्तराला कशानेही त्रास झाला की ते वाढतं. एंडोमेट्रिओसिसमध्ये वाढतं, मासिक पाळीत वाढतं, लिम्फोमात वाढतं, आणि आपल्या देशात विसरून चालणार नाही असा आजार म्हणजे पोटाचा टीबी, त्यात तर ते शेकड्यांत जातं. टीबीतही ओटीपोटात गोळा, पाणी, वजन घटणं हे सगळं असतं. तुकडा न तपासता टीबीची औषधं सुरू करून दोन-तीन महिने ‘बघू’ म्हणत काढलेले आणि शेवटी लिम्फोमा निघालेले पेशंट मी पाहिले आहेत. उलटंही पाहिलंय, कॅन्सर म्हणून पोट उघडलं आणि टीबी निघाला. दोन्हीकडे धडा एकच होता: ऊतीचा तुकडा हातात येईपर्यंत कोणत्याच नावाला चिकटू नये.

तुमच्या सर्जननी ४९ वर्षांच्या बाईच्या दोन्ही अंडाशयांतल्या घट्ट गाठी आणि वाढलेलं सीए-१२५ पाहून ऑपरेशन केलं, यात मला चूक दिसत नाही. त्या माहितीवर बहुतेक सर्जन तेच करतील.

लिम्फोमाची शंका ऑपरेशनच्या टेबलावर आली तर काय बदलतं, हे एका मुलीच्या उदाहरणाने सांगते. काही वर्षांपूर्वी दुपारी ओटीतून, म्हणजे ऑपरेशन थिएटरमधून, फोन आला. १४ वर्षांची मुलगी, दोन्ही अंडाशयं नारळाएवढी. सर्जन म्हणाले, ‘मॅडम, दोन्ही काढली तर पोरीचं आयुष्य बदलेल, लवकर काहीतरी सांगा.’ फ्रोझन सेक्शनसाठी, म्हणजे ऑपरेशन चालू असतानाच गोठवून बघायला, छोटा तुकडा आला. लिम्फोमाच्या पेशी गोठवल्या की फुगतात, चिरडतात, त्यांचा चेहरा हरवतो. म्हणून मी तो तुकडा आधी काचेवर हलकेच टेकवून ठसे घेतले आणि ते रंगवले. पेशी मध्यम आकाराच्या, एकाच साच्यातून काढल्यासारख्या, भोवती गडद निळा पेशीरस, त्यात सुईने टोचावीत तशी स्वच्छ गोल भोकं. हे बर्किट लिम्फोमाचं चित्र आहे. मी फोनवर सांगितलं, ‘लिम्फोमा वाटतोय, अंडाशयं काढू नका, आणखी ताजा तुकडा द्या आणि पोट बंद करा.’ त्या तुकड्यातला एक भाग फॉर्मालिनऐवजी पेशी जिवंत राहतील अशा द्रावात घालून फ्लो सायटोमेट्रीला (एकेक पेशीवरचे मार्कर मशीनवर मोजणाऱ्या तपासणीला) पाठवला. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी नाव पक्कं झालं आणि त्याच आठवड्यात केमो सुरू झाली. बर्किटच्या पेशी एक-दोन दिवसांत दुप्पट होतात, तिथे आठवडाभर उशीर म्हणजे फार उशीर. त्या मुलीची अंडाशयं तिच्यापाशीच राहिली. सगळ्यांच्या बाबतीत असं जमत नाही. फ्रोझनची सोय प्रत्येक गावात नाही, आणि तुमच्या आईच्या वयाला निर्णयाचा तोल वेगळा असतो. ताज्या तुकड्याचे ठसे मात्र कुठल्याही लॅबमध्ये पाच मिनिटांत घेता येतात, त्याला एक काच आणि साधा रंग पुरतो.

बर्किट हे नाव डेनिस बर्किट या सर्जनचं. युगांडात काम करताना त्यांनी १९५८ मध्ये लहान मुलांच्या जबड्यातल्या गाठींचं वर्णन केलं. तिथल्या मुलींमध्ये याच आजाराने अंडाशयंही सुजायची. अंडाशयातल्या लिम्फोमाचा लहान मुलींमध्ये मुख्य प्रकार हाच, आणि तुमच्या आईच्या वयाच्या बायकांमध्ये डिफ्यूज लार्ज बी-सेल. दुसऱ्या रिपोर्टमधलं नाव वयाशी जुळतं. उलट डिसजर्मिनोमा हा प्रामुख्याने विशीच्या आसपासच्या मुलींचा आजार आहे. ४९ व्या वर्षी तो अशक्य नाही, पण मी तो सहजासहजी लिहिणार नाही.

आता स्लाइडकडे येऊ. त्याआधी फॉर्मालिन, कारण निम्मी गडबड सूक्ष्मदर्शकाखाली जायच्या आधीच झालेली असते. फॉर्मालिन ऊतीत ताशी साधारण एक मिलिमीटर शिरतं, आणि आत जाईल तसा वेग मंदावतो. ११ सेंटिमीटरची अखंड गाठ बरणीत टाकली तर मध्यापर्यंत पोचायला दोन दिवसांहून जास्त लागतील. तोपर्यंत मधल्या पेशी कुजायला लागलेल्या असतात. लिम्फोमाच्या पेशी आधीच नाजूक, त्या सगळ्यात आधी बिघडतात. बाहेरगावाहून येणारी बरणी मी कितीदा तरी अशी उघडली आहे: गाठ कोंबून बसवलेली, फॉर्मालिन तळाशी दोन बोटं. अशा तुकड्यावर मार्कर लावले की जे यायला हवेत ते येत नाहीत आणि नको ते पार्श्वभूमीला रंग धरतात. गाठीला लगेच काप देऊन दहापट फॉर्मालिनमध्ये ठेवणं हे ओटीतलं पाच मिनिटांचं काम आहे, पण त्यावर पुढचं सगळं उभं असतं. तुमच्या आईच्या बाबतीत दोन लॅबना वेगळं दिसण्याचं हेही एक कारण असू शकतं. एकीने मधला भाग घेतला असेल, दुसरीच्या हाती कडेचा चांगला टिकलेला भाग लागला असेल. म्हणून तिसरं मत घेताना एकच ब्लॉक (मेणात बसवलेला गाठीचा तुकडा) नेऊ नका, शक्य तितके न्या.

सूक्ष्मदर्शकाखाली अंडाशयातला लिम्फोमा आणखी एक वेश घेतो. त्यात तंतुमय ऊतक माजतं. त्या तंतूंच्या दाबाखाली पेशी लांबट होतात, एकामागून एक रांगेत उभ्या राहतात, छोटे पुंजके करतात. स्तनाचा कॅन्सर अंडाशयात पसरला की अशाच रांगा दिसतात. पुंजके दिसले की मन कार्सिनोमाकडे, म्हणजे अस्तराच्या पेशींपासून होणाऱ्या नेहमीच्या कॅन्सरकडे, ओढलं जातं. अशा वेळी मी अंडाशयाच्या मूळ रचनेकडे बघते. लिम्फोमाच्या पेशी जुन्या बीजपुटकांना बहुतेकदा वळसा घालून जातात. चोहीकडे गाठ आणि मध्येच एखादं शाबूत बीजपुटक किंवा पांढरा जुना व्रण जसाच्या तसा बसलेला दिसला, की मी थांबते आणि लिम्फोमाचे मार्कर मागवते.

ही सवय मला एका चुकीने लावली. ५२ वर्षांची बाई, एका बाजूची गाठ, अशाच रांगा आणि पुंजके. मी कार्सिनोमाचे मार्कर लावले. पॅक्स८ अगदी भरभरून आलं. अंडाशयाच्या कॅन्सरसाठी तो भरवशाचा मार्कर. सायटोकेरॅटिन हा कार्सिनोमाचा दुसरा मार्कर आला नव्हता, त्याचा दोष मी खराब फॉर्मालिनवर टाकला आणि ‘हाय ग्रेड कार्सिनोमा’ असा रिपोर्टचा मसुदा लिहिला. सहीपूर्वी माझ्या ज्युनिअरने स्लाइड पाहिली आणि म्हणाली, ‘मॅडम, कडेच्या या छोट्या साध्या लिम्फोसाइट पण तपकिरी झाल्यात. त्यांना पॅक्स८ कशाला येईल?’ तिचं बरोबर होतं. आमच्याकडची पॅक्स८ अँटिबॉडी (मार्करमधला प्रथिनाला चिकटणारा रेणू) पॉलिक्लोनल, म्हणजे अनेक अँटिबॉडींचं मिश्रण होती, आणि अशी अँटिबॉडी बी-लिम्फोसाइटमधल्या पॅक्स५ या भावंड प्रथिनालाही चिकटते. सीडी२० हा बी-लिम्फोसाइटचा मार्कर लावला तर सगळी गाठ तपकिरी. तो रिपोर्ट बाहेर गेला असता तर त्या बाईला चुकीची केमो लागली असती आणि लिम्फोमा आतल्या आत वाढत राहिला असता. त्या दिवसापासून कोणताही मार्कर वाचताना मी आधी स्लाइडवरच्या निरोगी पेशी बघते. गाठीबद्दल मार्कर काय सांगतो ते नंतर.

यावरून तुमच्या हातातला दुसरा रिपोर्ट कसा वाचायचा ते सांगते. त्यात एकाच मार्करवर निष्कर्ष काढलेला नाही ना, हे बघा. सीडी४५, म्हणजे पांढऱ्या पेशींचा मार्कर, ज्याला एलसीए म्हणतात, आणि सीडी२० हे मोठ्या पेशींवर आलेले असायला हवेत. ‘मोठ्या पेशींवर’ हे शब्द महत्त्वाचे. डिसजर्मिनोमात गाठीच्या पेशींच्या मधल्या पडद्यांत साध्या लिम्फोसाइट भरपूर असतात, त्यांच्यावर सीडी४५ येणारच. तो गाठीचा समजून ‘लिम्फोमा’ लिहिलेला रिपोर्टही मी पाहिला आहे. सीडी३, टी-लिम्फोसाइटचा मार्कर, फक्त विखुरलेल्या छोट्या पेशींवर असावं. सायटोकेरॅटिन नकारात्मक हवं. डिसजर्मिनोमा नाकारण्यासाठी ऑक्ट४ किंवा सॉल४ नकारात्मक आल्याचं लिहिलेलं हवं, निदान सीडी११७ तरी. ग्रॅन्युलोसा सेल गाठीसाठी (अंडाशयातलीच आणखी एक गाठ) इनहिबिन बघितलं असेल तर उत्तमच. आणखी एक आजार इथे लपतो, मायलॉइड सारकोमा, म्हणजे रक्ताच्या कर्करोगाच्या पेशींची गाठ. सीडी४५ आलं पण सीडी२० आणि सीडी३ दोन्ही आले नाहीत, तर मायलोपेरॉक्सिडेज हा त्याचा मार्कर लावल्याशिवाय पुढे जाऊ नये. हे सगळं तुमच्या रिपोर्टात असेल तर माझा कल दुसऱ्या लॅबकडे राहील. त्यात फक्त ‘एलसीए पॉझिटिव्ह’ एवढंच असेल तर निदान अजून अर्धं आहे.

आणि निदान ‘लिम्फोमा’ या शब्दावर संपत नाही. पुढचे मार्कर आजाराची जात ठरवतात: सीडी१०, बीसीएल६, मम१, बीसीएल२, मिक, आणि पेशी किती वेगाने वाढताहेत ते सांगणारं केआय-६७. केआय-६७ जवळजवळ १०० टक्के, सीडी१० आहे, बीसीएल२ नाही, असं असेल तर बर्किटचा विचार वयाने मोठ्या बाईतही करावा लागतो. पेशी तरुण, अपक्व दिसत असतील तर टीडीटी लावून लिम्फोब्लास्टिक प्रकार नाकारावा लागतो. मग फिश नावाची तपासणी येते, तिच्यात मिक, बीसीएल२ आणि बीसीएल६ या जनुकांची जागा बदललीय का ते दिसतं. मिक आणि बीसीएल२ दोन्ही हललेली असतील तर आजार जास्त आक्रमक असतो आणि नेहमीची केमो बऱ्याचदा पुरत नाही. ही तपासणी महाग आहे, उत्तर यायला दिवस लागतात. तिच्यासाठी केमो सुरू करायला थांबायचं की पहिली सायकल देऊन मग उत्तर बघायचं, हे आईच्या तब्येतीवर ठरतं, आणि ते मेडिकल ऑन्कॉलॉजिस्टने ठरवायचं. कोणत्या लॅबमध्ये कोणती तपासणी होते यातही फरक आहे. पण ‘फिशला ब्लॉक पाठवला का?’ एवढं तुम्ही विचारू शकता.

आता आजार फक्त अंडाशयातच आहे की आणखी कुठे. फॉक्स आणि लँगली यांनी १९७६ मध्ये घालून दिलेले निकष अजून वापरले जातात. निदानाच्या वेळी आजार अंडाशयापुरता असावा, फार तर लगतच्या ग्रंथींत किंवा चिकटलेल्या भागात. रक्तात आणि अस्थिमज्जेत असाधारण पेशी नसाव्यात. आणि पुढे दूरवर कुठे आजार उमटलाच, तर मध्ये काही महिने गेलेले असावेत. शेवटचा निकष वाचल्यावर लक्षात येईल की ‘प्राथमिक’ हे बिरूद काही वेळा काळ गेल्यावरच खरं ठरतं. त्यामुळे या शब्दावरून घरात चर्चा झडत असेल तर ती बाजूला ठेवा. तुमच्या आईसाठी आज गरजेचं आहे ते पेट-सीटी (आजार शरीरात कुठेकुठे आहे ते दाखवणारं स्कॅन), ऑन्कॉलॉजिस्टनी सांगितल्यास बोन मॅरो, रक्ताचा स्मिअर आणि एलडीएच. हेपॅटायटिस बी आणि एचआयव्हीची तपासणीही चुकवू नका. रिटुक्सिमॅब या लिम्फोमावरच्या औषधामुळे दबून बसलेला हेपॅटायटिस बी उसळतो. एचआयव्ही असेल तर लिम्फोमाचा धोका जास्त असतो आणि उपचारांची आखणी बदलते. या तपासण्या सांगितल्या की घरचे बिथरतात, ‘आईवर संशय घेता का’ म्हणतात. तसं काही नाही. लिम्फोमाच्या प्रत्येक पेशंटला हे सांगितलं जातं.

ऑपरेशन वाया गेलं का? नाही. त्या ऑपरेशनमुळेच निदानाला पुरेल एवढा तुकडा मिळाला, आणि पोटातला गोळाही निघाला. पण लिम्फोमावर ऑपरेशन हा उपचार नाही. ओव्हरीच्या नेहमीच्या कॅन्सरमध्ये पोटातला आजार शक्य तितका काढायचा, ओमेंटम काढायचं, ग्रंथी काढायच्या, यामागे कारण आहे. लिम्फोमाच्या पेशी रक्त-लसिकेतून फिरणाऱ्या. त्यांना औषध गाठतं, सुरी गाठत नाही. आजार जेवढा दिसतोय तेवढा काढून टाकावा, ही मामांची भावना मला कळते. पण दुसऱ्या मोठ्या ऑपरेशनने जखम भरेपर्यंत केमो तीन-चार आठवडे पुढे जाईल, आणि हे आठवडे आईच्या आजाराला मोकळे मिळतील. लिम्फोमा पक्का झाला तर दुसरं ऑपरेशन करू नये, हे माझं स्पष्ट मत आहे. उलट तिसऱ्या मतात डिसजर्मिनोमा किंवा कार्सिनोमा निघाला, तर सर्जनशी पुन्हा बोलावं लागेल. म्हणूनच आधी नाव पक्कं करा, मग टेबल बुक करा.

डिफ्यूज लार्ज बी-सेलसाठी आर-चॉप ही औषधांची जोडणी दर २१ दिवसांनी दिली जाते, बहुतेकदा सहा वेळा. त्यातलं रिटुक्सिमॅब अमेरिकेत १९९७ मध्ये मान्य झालं आणि या आजाराचं चित्र पालटलं. आपल्याकडे २००७ मध्ये हैदराबादच्या डॉ. रेड्डीजनी त्याची भारतीय आवृत्ती आणली, तेव्हापासून ते बऱ्याच जणांच्या आवाक्यात आलं. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत केमो आहे. आईच्या प्रकारात नेमकी कोणती औषधं बसतात, हे रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला कागद दाखवून विचारा. हा आजार अनेकदा पूर्ण बरा होतो. पसरलेल्या ओव्हरीच्या कॅन्सरपेक्षा हे निदान बरं म्हणावं, असं मी नातेवाइकांना मोकळेपणाने सांगते. आईचं नेमकं काय होईल, ते मात्र पेट-सीटी, एलडीएच आणि फिश हातात आल्याशिवाय कुणी सांगू नये.

मधल्या काळात एक जपा. भूक लागावी, अंगदुखी जावी म्हणून कुणी डेक्सा किंवा प्रेडनिसोलोन देऊ करेल. मेडिकल ऑन्कॉलॉजिस्टनी सांगितल्याशिवाय स्टिरॉइड घेऊ नका. लिम्फोमाच्या पेशी स्टिरॉइडने विरघळतात. दोन दिवस बरं वाटतं, गाठी लहान होतात, आणि पेट-सीटीत आजार खरा होता त्याहून कमी दिसतो. नवा तुकडा घ्यायची वेळ आली तर त्यात नुसत्या मेलेल्या पेशी मिळतात.

आता उद्या काय करायचं ते. पहिल्या लॅबमध्ये जा आणि एक सोडून बाकीचे ब्लॉक व रंगवलेल्या सगळ्या स्लाइड्स मागा. ब्लॉक म्हणजे मेणात बसवलेला आईच्या गाठीचा तुकडा, छोट्या प्लास्टिकच्या चौकटीत. लॅब सहसा नकार देत नाही, पावतीवर सही घेते. दुसऱ्या लॅबकडे कोणते ब्लॉक गेले होते आणि ते परत आले का, हेही विचारा. तिथल्या आयएचसीच्या स्लाइड्सही घ्या, म्हणजे तेच मार्कर पुन्हा लावायला पैसे पडणार नाहीत. परळच्या टाटा मेमोरियलमध्ये किंवा लिम्फोमा रोज बघणारा पॅथॉलॉजिस्ट जिथे असेल अशा ठिकाणी ते दाखवा. सोबत ऑपरेशनची नोट, सोनोग्राफी-सीटीचे रिपोर्ट आणि दोन्ही लॅबचे मूळ रिपोर्ट हवेत. दोन मतं वेगळी आहेत हे लपवू नका. काही नातेवाईक पहिला रिपोर्ट मुद्दाम देत नाहीत, डॉक्टरांचं मत कलुषित होईल म्हणून. त्याने आमचं काम अवघड होतं. कुठे अडलं होतं हे कळलं की आम्ही तिथेच आधी बघतो.

मेडिकल ऑन्कॉलॉजिस्टची वेळ आजच घ्या, तिसऱ्या मताची वाट बघत बसू नका. पेट-सीटी आणि रक्ताच्या तपासण्या त्या दिवसांत होऊन जातील. श्वास लागला, लघवी कमी झाली, पोट झपाट्याने फुगलं किंवा आई गोंधळल्यासारखी बोलायला लागली, तर मात्र अपॉइंटमेंटची तारीख बघू नका, थेट मोठ्या रुग्णालयात न्या.

ब्लॉक नेताना ते कापसात गुंडाळून कडक डब्यात घाला, डबा हातातल्या पिशवीत ठेवा. आपल्याकडच्या उन्हात बंद गाडीच्या डॅशबोर्डवर मेण मऊ होतं, वितळतंही. आणि चार ब्लॉक असतील तर तीन घेऊन जा, एक मूळ लॅबमध्ये राहू द्या. प्रवासात डबा हरवला तर तो एक ब्लॉकच उरेल, कारण आईची गाठ आता दुसरीकडे कुठेही नाही.